पूर ओसरला आणि ओळखीही ओसरल्या: बडोद्यात रोजचा शेजार कसा जमवता?

विश्वामित्रीकाठ

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी फुगली तेव्हा समा भागातल्या आमच्या सोसायटीत पाणी शिरलं. तळमजला गेला, वीज गेली, फोन एकेक करून बंद पडले. खालची कुटुंबं वर राहायला आली. नदीतल्या मगरींच्या धाकानं कुणी पाण्यात उतरत नव्हतं, त्यामुळे जे काही चालायचं ते जिन्यात. कुणाच्या गॅसवर कुणाची खिचडी शिजतेय हे कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बेननी थेपल्यांचा डबा जिन्यात ठेवून दिला होता, ज्याला लागेल त्यानं घ्यावं. एका आजोबांचं इन्सुलिन फ्रिजशिवाय टिकवायचं कसं असा प्रश्न आला, तेव्हा वरच्या घरातल्या सूनबाईंनी ते पिशवीत घट्ट बांधून माठात ठेवलं. त्या दारावरून मी कितीतरी वर्षं जाते-येते. ती मुलगी फार्मसी शिकलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पाणी उतरलं, चिखलही सगळ्यांनी मिळून काढला. आणि दिवाळी येईपर्यंत दारं पुन्हा लागली. जिन्यात 'केम छो', 'मजामां', तेवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं आणि रात्री पार्किंगवरून वाद.

ही माणसं चांगली आहेत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग संकट नसताना तो शेजार जातो कुठे? कुणी हे जमवलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा. अगदी बारीकसारीक तपशीलही चालतील, तेच हवे आहेत.

दांडियाबाजारकर

ताई, पुरात प्रत्येकाला दुसऱ्याची गरज होती. मला वाटतं सगळं तिथेच आहे.

माझं लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. मधे चौक, चौकात नळ, नळाला ठरल्या वेळी पाणी. त्या वेळेला प्रत्येक बिऱ्हाडातलं कुणी ना कुणी तिथे असायचंच. कुणाचा आवाज बसलाय, कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत, कुणाच्या घरी मनिऑर्डर आली नाही, हे बादली भरेपर्यंत कळायचं. संध्याकाळी म्हातारी मंडळी दारापुढच्या ओटल्यावर. ओटला घरात धरला जायचा नाही आणि रस्त्यातही नाही, त्यामुळे तिथे बसायला आमंत्रण लागायचं नाही.

आता घरोघरी टाकी आहे, मोटर आहे, पिठाचं पाकीट आहे, आणि साखर संपली तर दहा मिनिटांत दारात येते. या सोयी मलाही हव्यात. पण शेजारचं दार वाजवायची कारणं एकेक करून गेली. वाटी रिकामी होईना, मग वाटकी व्यवहार, म्हणजे शेजाऱ्यांतली वाटीभर देवघेव, तीही थांबली.

मी मांजलपूरला राहायला आलो तेव्हा पंख्याची पाती पुसायला शेजाऱ्यांकडे शिडी मागायला गेलो. विकत घेता आली असती. पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे ड्रिल मागायला आले, सोबत त्यांचा नातू. आता तो नातू गणितं सोडवायला माझ्याकडेच असतो. माझा सल्ला एवढाच: आधी देऊ नका, आधी मागा. देणाऱ्यापुढे माणूस अवघडतो. मागायला आलेल्याला मात्र आत या म्हणतो.

निळीशाई

दांडियाबाजारकर, तुमचा अनुभव खराच आहे. पण त्या चौकात पाऊल कोण ठेवू शकत होतं, हेही याच धाग्यात यायला हवं.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण आणि लंडनमधला काही काळ आटोपून बडोद्याला आले. शिष्यवृत्ती बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची होती आणि कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करायची होती. हुद्दा मिळाला, राहायला खोली मिळेना. जातीमुळे हिंदूंकडे दार बंद. ते पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिले, ते उघडकीला आल्यावर लोक काठ्या घेऊन चालून आले. त्या संध्याकाळी ते कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो.

याच बडोद्यात तेव्हा वाडे गजबजलेले होते, ओटले भरलेले होते. खुद्द महाराज त्यांच्या बाजूचे होते, तरी शहरात एक शेजारी मिळाला नाही.

हे केवळ इतिहास म्हणून सांगत नाहीये. भाड्यानं घर बघताना आडनाव विचारून 'कळवतो' म्हणणारे मला अजूनही भेटतात. म्हणून कुठलाही कट्टा, मंडळ, भिशी बघितली की मी आधी बघते की कोण आलेलं नाही आणि का. विश्वामित्रीकाठ ताई, तुमच्या जिन्यात पुराच्या दिवसांत भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठे होत्या? वॉचमनचं कुटुंब कुठे होतं? ज्या शेजारात ते मोजलेच जात नाहीत, तो मला अपुरा वाटतो.

आणि नळाबद्दल: त्या गप्पा गोड होत्या, पण बादल्या बायकांच्याच हातात होत्या. तेवढं आठवणीत असू द्या.

दांडियाबाजारकर

हे वाचल्यावर आमच्या वाड्यातली सगळी आडनावं आठवून पाहिली. बाहेरचं एकही नव्हतं. तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं.

रावपुऱ्याचे_काका

मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

सयाजीरावांचा विषय निघालाच आहे तर त्यांची एक योजना या प्रश्नाला फार जवळची आहे. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटली की मूल अक्षर विसरतं, कारण गावात वाचायला काही नाही. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. मांडवीजवळचं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच. त्यातला पुस्तकांच्या कपाटांचा भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आवर्जून पाहावा. वरच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड खालपर्यंत झिरपतो.

पण मला सांगायचंय ते गावांतल्या ग्रंथालयांबद्दल. दरबारानं नुसती पुस्तकं वाटली नाहीत. गावानं आधी वर्गणी जमवायची. जेवढी जमेल तेवढीच प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार घालणार. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन व्हायचे, पण पहिला रुपया गावाचाच. मी शिक्षक होतो, शाळेसाठी वर्गण्या गोळा करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या अटीचं मोल मला कळतं. वर्गणी जमवायची म्हणजे कुणाला तरी दारोदार जावं लागतं, हिशेब ठेवावा लागतो, खोली कुणाची घ्यायची यावर बसून बोलावं लागतं. पुस्तकं यायच्या आधीच गावातली दहा माणसं एका कामात अडकलेली असायची.

जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रं आणि सिनेमा दाखवणारी वेगळी शाखा होती. बायकांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र दालनं होती. निळीशाई, तुमचा प्रश्न, कोण आलेलं नाही, हा त्या खात्यातल्या काही लोकांना तरी पडला असावा असं या गोष्टींवरून वाटतं.

आता उलट बाजू. बडोद्यानं साहित्य संमेलनं भरवली: १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८. २०१८च्या वेळी मी स्वतः मांडवात होतो. आनंद झाला, मोठमोठी माणसं ऐकली. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांशी तीन दिवस बोललो, नंतर त्यांची गाठ पडली नाही. उत्सव हवेतच, मन मोठं होतं. पण माणूस जोडला जातो तो नेमानं. आमच्या गल्लीत निवृत्त मंडळी रोज साडेपाचला एका घराच्या पायरीवर जमतात. विषय ठरलेला नसतो. एखादा आला नाही तर सहा वाजता त्याच्या घरी कुणीतरी जातं, आणि ते जाणं हाच मला आमच्या मंडळाचा खरा उपयोग वाटतो. आमच्यातले एक गृहस्थ न्हाणीघरात पडले होते, घरात एकटे होते. त्यांना त्या सहाच्या फेरीनंच वाचवलं.

गोत्रीरोड_डॉक्टर

काकांच्या 'नेमा'ला अभ्यासाचाही आधार आहे, म्हणून लिहितो.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांचा आणि कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांचा अभ्यास केला. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत जातात, मित्र म्हणण्याजोगं नातं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आता हिशेब करा. गणपतीची आरती, कोजागिरीचं दूध, उत्तरायणात गच्चीवरचे पतंग, सगळं धरून वर्षाला सोसायटीतल्या एका माणसाच्या वाट्याला किती तास येतात? रोज वीस मिनिटं भेटणाऱ्यांचे ५० तास पाच महिन्यांत पुरे होतात.

दुसरं, जिन्याबद्दल. फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते ते तपासलं, तो अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. दार कुठे उघडतं याला फार मोठं महत्त्व निघालं. शेजारच्या दारातल्यांशी मैत्री सर्वांत जास्त, आणि जिन्यापाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी. तुमच्या पुरात सगळी सोसायटीच जिन्यात राहायला आली होती, ताई.

आणि हा विषय केवळ मनोरंजनाचा समजू नका. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तीन लाखांहून जास्त माणसांचे. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो. माझ्याकडे रक्तदाब तपासायला दर आठवड्याला येणारे काही रुग्ण आहेत, ज्यांचा रक्तदाब आता व्यवस्थित असतो. मी त्यांना येऊ नका म्हणत नाही. बाहेरच्या बाकावर त्यांची आपसात ओळख झाली आहे.

हालोलची_बस

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. हालोलच्या एका कारखान्यात नोकरी लागली, वाघोडिया रोडला खोली घेतली. पहिले काही महिने फार वाईट गेले. गुजराती समजायचं, बोलायला जीभ वळायची नाही. खोलीवर आलं की दुसऱ्या दिवशीच्या पाळीपर्यंत कुणाशी बोलणं नाही. आईला फोनवर 'सगळं मस्त' सांगायचो.

मला माणसं मिळाली ती कंपनीच्या बसच्या थांब्यावर. पहाटेची पाळी, थांब्यावर तेच चारपाच जण, शेजारी चहाची लारी. सुरुवातीला नुसती मान हलवायचो. मग लारीवाल्या काकांना माझा चहा कसा लागतो ते पाठ झालं. मग एकानं विचारलं, 'मराठी? मारां दादी पण मराठी हतां.' त्याची आजी रत्नागिरीची. एवढ्यावरून बोलणं सुरू झालं ते थांबलंच नाही. एकदा तापानं दोन दिवस गेलो नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी दोघं जण खोली शोधत आले, डब्यात कढी-खिचडी घेऊन. त्यांना माझं आडनावही माहीत नव्हतं. बसमधला 'खिडकीवाला मराठी' एवढ्या ओळखीवर त्यांनी पत्ता काढला.

डॉक्टरसाहेब, तुमचा तासांचा हिशेब तंतोतंत पटतो. आम्ही रोज दहा-पंधरा मिनिटंच भेटायचो. पण रोज.

नव्यानं आलेल्यांना एकच सांगेन: चहा, भाजी, इस्त्री, केस कापणं, सगळं एकाच ठिकाणी आणि एकाच वेळेला करा. दर वेळी नवं दुकान शोधू नका.

रात्रीचा_अभ्यास

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. मी मितभाषी आहे. दिवसभर ग्राहकांशी फोनवर बोलण्याचंच काम असतं, घरी आलं की शांतता हवी असते. आमच्या सोसायटीत 'सगळ्यांनी यायलाच हवं' असा आग्रह सुरू झाला, न येणाऱ्यांची नावं ग्रुपवर यायला लागली. त्यानं मी आणखी दूर गेलो.

मला माणसं नको आहेत असं नाही. मला गप्पा नको आहेत. काम द्या. खुर्च्या लावायला, गच्चीची टाकी तपासायला, कुणाला दवाखान्यात न्यायला मी कधीही येईन. आमच्याकडच्या एका आजींना मी दर महिन्याला बँकेचं काम मोबाइलवर करून देतो. आम्ही फारसं बोलत नाही, पण मी घरी नसलो तर माझं पार्सल त्या घेतात आणि माझ्या कुंड्यांना पाणीही घालतात. माझ्यासाठी हा शेजार पूर्ण आहे.

निळीशाई

@रात्रीचा_अभ्यास, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कोण आलेलं नाही हे बघणं वेगळं आणि न येणाऱ्याचं नाव लावणं वेगळं.

भायलीची_मावशी

आता माझं. भायलीला नवीन इमारती, सगळे कुठून कुठून आलेले. गुजराती, मराठी, ओडिया, मल्याळी. आमच्या खालच्या मजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी एक कोपरा रिकामा होता. तिथे आम्ही तिघींनी एक लोखंडी कपाट ठेवलं. सुरुवातीला पुस्तकं, मग खेळ, मग वॉकर, कुबड्या, गरम पाण्याची पिशवी, वाफेचं यंत्र. ज्याला लागेल त्यानं न्यायचं, वहीत लिहायचं, परत आणायचं.

कपाट ठेवल्यानं काही झालं नाही. झालं ते किल्लीमुळे. किल्ली दर आठवड्याला दुसऱ्या घरी जाते. ज्यांच्याकडे किल्ली, त्यांच्याकडे त्या आठवड्यात लोक दार वाजवत येतात. मल्याळी कुटुंबाची पाळी होती तेव्हा अर्धी इमारत पहिल्यांदा त्यांच्या दारात गेली. किल्ली वॉचमनभाईंच्या घरीही जाते. त्यावर एक-दोघांनी नाक मुरडलं, आम्ही वाद घातला नाही, पाळी बदललीही नाही. वॉचमनभाईंची मुलगी आता वही सगळ्यांत नीटनेटकी ठेवते.

शनिवारी पाच ते सहा आम्ही कपाटापाशी बसतो. एकच नियम: खायला काही आणायचं नाही. एकदा कुणी ढोकळा आणला की पुढची हांडवो आणते, तिच्या पुढची केक, आणि मग जिला करायला वेळ नाही ती यायचीच बंद होते. हळदीकुंकवातही वाण वाढत वाढत जातं तेव्हा हेच होतं, मी वर्षानुवर्षं बघितलंय. चहा सुद्धा नाही. फक्त बसायचं. पावसाळ्यात दोघीच असतो कधी कधी, तरी बसतो. आणि 'आज आहे का?' असं ग्रुपवर कुणाला विचारू देत नाही. शनिवारी असतंच.

विश्वामित्रीकाठ

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी दोन-दोनदा वाचलं.

निळीशाई, तुमचा प्रश्न मी तसाच घरी विचारला. पुराच्या दिवसांत वॉचमनभाई आणि त्यांची बायको वरच्या मजल्यावरच होती, पण नंतर त्यांच्या खोलीतला चिखल त्यांनी एकट्यांनी काढला. कामवाल्या मावशींचं घर नदीच्या आणखी जवळ आहे, त्यांच्याकडे कोण गेलं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

काल फार्मसीवाल्या सूनबाईंकडे गेले. दांडियाबाजारकरांचं ऐकून काहीतरी मागायलाच गेले: आमच्या औषधांच्या डब्यातली मुदत संपलेली औषधं वेगळी करून दे म्हटलं. तास कसा गेला कळलं नाही. बोलता बोलता ठरलं की पावसाळ्याआधी जिन्याची एक वही करायची. कुणाला कोणतं औषध रोज लागतं, कुणाला पायऱ्या चढता येत नाहीत, कुणाची जादा किल्ली कुणाकडे, गच्चीच्या कुलपाची किल्ली कुठे, कुणाकडे इन्व्हर्टर आहे. त्यात वॉचमनभाईंचं कुटुंब आणि मावशींचं घर पहिल्या पानावर. लिहायला दोघं मिळून प्रत्येक घरी जायचं, दर वेळी वेगळी जोडी. ग्रुपवर अर्ज टाकून भरून घ्यायचं नाही.

रात्रीचा_अभ्यास, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर तुमच्यासारखेच एक गृहस्थ आहेत. त्यांना गप्पांना बोलावणार नव्हतेच, आता पाण्याची मोटर आणि मीटर उंचावर घ्यायचं काम त्यांच्याकडे सोपवतेय. ते लगेच 'हो' म्हणाले, मोजपट्टी घेऊन खालीसुद्धा आले.

मावशी, किल्लीची युक्ती मी उचलतेय. वही महिनाभर एकेका घरी राहील.

हालोलची_बस

ताई, त्या वहीत भाडेकरूंचीही पानं ठेवा. आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर असतो, म्हणून सोसायटीच्या यादीत बहुतेक घरमालकाचं नाव असतं, जो त्या घरात राहतच नाही.

विश्वामित्रीकाठ

अगदी बरोबर. आमच्याकडे अशी तीन घरं आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

रावपुऱ्याचे_काका

भायलीच्या मावशी, तुमच्या कपाटात गुजराती पुस्तकं चालतात का? माझ्या पत्नीची पुष्कळ आहेत, मराठीही आहेत. मी बसनं येऊ शकतो, पण पेटी जड आहे.

भायलीची_मावशी

काका, दोन्ही चालतील. पेटी उचलू नका. या आठवड्यात किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रावपुऱ्यातच नोकरीला आहेत, शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन येतील. साडेपाचला पायरीवर असाल ना? तिथेच येतील. आणि जमलं तर शनिवारी तुम्हीही या, पुस्तकं कुठल्या कप्प्यात लावायची ते तुम्हीच सांगा.

रात्रीचा_अभ्यास

मावशी, भायली माझ्या वाटेवर आहे. कपाटाला आणखी फळ्या लागणार असतील तर मोजमाप पाठवा, मी बसवून देतो.